पहिल्या रोड रेसची तयारी: वाईच्या सायकलवाल्या काकाकडून

दर हिवाळ्यात दुकानात एखादे वडील येतात. मोबाईलवर रेसचं पत्रक दाखवतात आणि म्हणतात, "काका, तीन आठवड्यांवर आलीय. पोरासाठी चांगल्यातली सायकल कुठली घेऊ?" पोरगं शेजारी उभं राहून भिंतीवर टांगलेली चाकं बघत असतं. मी सायकलीचं काहीच बोलत नाही. पोराला विचारतो, "चालत्या सायकलवर बाटली काढून पाणी पितोस का?" पोरगं वडिलांकडे बघतं.

तीन आठवड्यांत पायात फारशी ताकद येत नाही. पण चालत्या सायकलवर पाणी प्यायला, मागे वळून बघायला आणि दुसऱ्याच्या चाकामागे हातभर अंतरावर न घाबरता बसायला तीन आठवडे पुष्कळ झाले. पहिल्या रेसला हेच लागतं. गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतणीला पंधराव्या वर्षी पहिल्यांदा रेसला उतरवलं. फलटणच्या बाजूचा सपाट रस्ता, ३२ किलोमीटर, सोळा किलोमीटर जाऊन ड्रमला वळसा घालून परत. तेव्हा जे केलं आणि जे चुकलं, ते खाली लिहितोय. चौदा ते अठरा वयाच्या कुणालाही चालेल.

कागदपत्रांचं आधीच उरकून टाकतो. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात, तर सायकलिंग संघटनेच्या शर्यतींत बहुधा १६ आणि १८. आंतरराष्ट्रीय नियमात ज्युनिअर म्हणजे त्या कॅलेंडर वर्षात १७ किंवा १८ पूर्ण करणारा. वाढदिवस जानेवारीत असो की डिसेंबरात, फरक पडत नाही. त्यामुळे शाळेत ज्या गटात खेळतो त्याच गटात इथेही, असं धरून चालू नका. पत्रक नीट वाचा. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, पालकांचं संमतीपत्र आणि डॉक्टरांचा दाखला, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. रेसच्या गावात पहाटे सहाला झेरॉक्सचं दुकान उघडं नसतं.

बोरघाटात मी काय शिकलो

ऐंशीच्या दशकात मी मुंबई–पुणे सायकल शर्यतीत उतरलो होतो. वय एकोणीस, स्टीलची सायकल, दहा गियर. डोक्यात एकच खूळ: 'घाटाचा राजा' व्हायचं, म्हणजे घाट सगळ्यांच्या आधी चढायचा. पनवेल सोडलं आणि समोरून वारा लागला. मी पुढे होतो, मागून कुणी पुढे येईना. मला वाटलं, सगळे दमले. म्हणून आणखी जोर लावला. खोपोलीपर्यंत मी ओढत राहिलो आणि मागचे वीस-पंचवीस जण माझ्या आडोशाला निवांत बसून आले. चढ लागला तसे एकेक करून शेजारून निघून गेले. एकजण जाता जाता म्हणाला, "थँक्यू हां." शिंगरोबाच्या देवळापाशी मी उतरलो आणि बाजूला बसलो. ट्रकवाले चालत्या गाडीतून देवाला नाणी टाकत होते. दोन माझ्या अंगावर पडली.

सपाटीवर ताशी पस्तीसच्या पुढे गेलात की तुमची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. पुढच्याच्या मागे नीट बसलात तर पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. एक दिवसाच्या रेसमध्ये कालची आघाडी नसते आणि उद्याची भरपाईही नसते. सगळे एकदम सुटतात, जो आधी रेष ओलांडेल तो पहिला. म्हणून शेवटच्या दोन किलोमीटरला कुणाच्या पायात किती शिल्लक आहे, यावर सगळं ठरतं. रोज एक टप्पा अशा अनेक दिवस चालणाऱ्या मोठ्या शर्यतींत शेवटच्या तीन किलोमीटरला कुणी पडलं किंवा पंक्चर झालं, तर सपाट टप्प्यावर त्याला सोबतच्या घोळक्याचीच वेळ देतात. एक दिवसाच्या रेसला तसलं काही नाही. पडलात की पडलात.

चाक धरणं

याला आम्ही 'चाक धरणं' म्हणतो, आता पोरं 'ड्राफ्ट' म्हणतात. तीन आठवड्यांचा बहुतेक वेळ यावर घालवा.

पहिला आठवडा शाळेच्या मैदानावर. खडूने वीस मीटरची सरळ रेष आखायची आणि त्या रेषेवरून चाक न हलवता जायचं. मग तसंच जाताना बाटली काढायची, घोट घ्यायचा, न बघता परत स्टँडमध्ये ठेवायची. मग उजव्या खांद्यावरून मागे बघायचं. इथे सगळ्यांची सायकल उजवीकडे वळते, कारण डोकं वळलं की हातही वळतो. उपाय साधा आहे: बघताना हनुवटी खांद्याला लावायची आणि हँडलवरचा हात सैल सोडायचा. पुतणीला हे जमायला चार दिवस लागले. नंतर गवतावर दोघांना शेजारी शेजारी अगदी हळू चालवत कोपराला कोपर, खांद्याला खांदा लावायला सांगायचं. धक्का लागला म्हणून माणूस पडत नाही, घाबरून ब्रेक मारला की पडतो, हे अंगात मुरायला हवं. गवतावर पडलं तर कपडे मळतात, एवढंच. (काकू कपड्यांवरून बोलली. ते माझ्या वाट्याला.)

दुसऱ्या आठवड्यात रस्त्यावर. आम्ही पहाटे मेणवलीवरून धोम धरणाच्या रस्त्याला जातो. गाड्या कमी असतात. गळिताचा हंगाम असेल तर मात्र उसाचे ट्रॅक्टर असतात आणि रस्त्यावर पडलेलं एखादं कांडं चाक घसरवायला पुरतं. चौघेजण एकामागे एक. सुरुवातीला एक सायकलभर अंतर, दोन दिवसांनी अर्धी सायकल, मग हातभर. नजर पुढच्याच्या टायरवर ठेवू नका. टायर बघत बसलं की पुढचं काहीच दिसत नाही. त्याच्या कमरेच्या बाजूने, खांद्यावरून पलीकडे बघा. चाक नजरेच्या कडेला आपोआप राहतं.

जवळ गेलात तर ब्रेक नाही. आधी पेडल थांबवा. तरी जवळ जाताय, तर थोडं उभारून छातीवर वारा घ्या किंवा टीचभर बाजूला सरा. बोटं मात्र सतत ब्रेकवर असू द्या. एक नियम मी पोरांकडून रोज म्हणून घेतो: आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाशेजारी आणायचं नाही. पुढचा जरासा सरकला आणि चाकं घासली, तर त्याला काही होत नाही. पडतो तो मागचा.

उभं राहून पेडल मारण्याचा एक बारकावा कुणी सांगत नाही. चढावर माणूस सीटवरून उठतो त्या क्षणी त्याची सायकल वीतभर मागे येते. मागे कुणी चिकटून असेल तर धडक. म्हणून उठताना आधी पेडल जोरात दाबायचं आणि त्या दाबातच उठायचं. हे मेणवलीच्या रस्त्यावरच्या छोट्या चढावर दहा-दहा वेळा करून घ्या. आणि दुसऱ्याच्या मागे असाल तर चढ दिसला की आपणहून अर्धी सायकल अंतर सोडा.

पुढे येऊन ओढायची पाळी आली की नवीन पोरं हमखास वेग वाढवतात. मागे बसून ताजी झालेली असतात, समोर रस्ता मोकळा दिसतो, सुटतात. मागचे तुटतात आणि घोळक्याची माळ विस्कटते. पाळी अर्ध्या मिनिटाची, वेग होता तोच, कमी ना जास्त. मीटर असेल तर त्यावर बघा. पाळी संपली की आधी मागे नजर, मग कोपर हलवून इशारा, मग बाजूला, आणि बाजूला आल्यावरच जोर कमी. आधी जोर सोडून मग बाजूला होणारा मागच्याला पाडतो. बाजूला व्हायचं ते वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला. तोंडाने बोलत राहायचं: "खड्डा", "ब्रेकर", "मागनं गाडी". माझी पुतणी घरात बडबडी आणि सायकलवर मुकी. तिसऱ्या दिवशी तिच्यामागचा पोरगा एका खड्ड्यात दणकून गेला, तेव्हापासून ती ओरडते.

तिसऱ्या आठवड्यात पसरणीचा घाट. वाईपासून पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटर, चढ एकसारखा, शिकायला उत्तम. शनिवार-रविवार जाऊ नका, पर्यटकांच्या गाड्या आणि माकडं दोन्ही असतात, आणि दोन्हींचा भरवसा नाही. मधल्या वारी पहाटे जा. चढताना पेडलचे मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे पडतील असा हलका गियर. जड गियरवर दाबत चढणं शूरपणाचं दिसतं, गुडघे महिनाभराने बोलतात.

खरी शिकवणी उतरताना. हात हँडलच्या खालच्या वळलेल्या भागावर, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि त्यावर वजन. नजर वळणाच्या शेवटाकडे. जिथे बघाल तिथे सायकल जाते, दरीकडे बघितलंत तर दरीकडे. उघड्या रस्त्यावर उतारावर शर्यत लावायची नाही, आपल्या बाजूनेच राहायचं. आणि टीव्हीवर जुन्या चित्रफिती बघून काही पोरं सीटवरून पुढच्या दांड्यावर बसून उतरतात. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०२१ पासून ते शर्यतीत बंदच केलंय. माझ्याकडे ते करताना दिसलेल्या पोराला महिनाभर फक्त चढायला मिळतं, उतरायला टेम्पो.

सायकल

आहे तीच चालेल, नीट बसत असेल तर. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवली की खालचा पाय पूर्ण सरळ व्हावा, ही सीटच्या उंचीची घरगुती चाचणी. पुढच्या वर्षीही चालेल म्हणून मोठी फ्रेम घेणारे पालक मला दरसाल भेटतात. शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घ्या, सायकल नको. हँडलपर्यंत हात ताणावा लागला की वळणावर ताबा राहत नाही.

मग पाना हातात घ्या. चाक फिरवून रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, बघा. ब्रेकपॅडला एका जागी घासत असेल तर आरे ओढून काढून घ्या. ब्रेकपॅडमध्ये अडकलेले खडे-ॲल्युमिनियमचे कण सुईने काढा. ब्रेकची वायर टोकाला पिंजली असेल तर बदला. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच हवंच. उघडी नळी पडताना मांडीत घुसते, आणि बुचाशिवाय तपासणीत सायकल अडवतात. सीट पोस्ट, हँडल, दोन्ही चाकं आवळली आहेत का ते हात लावून बघा. सगळं पंधरा मिनिटांचं काम आहे.

हवेचं वेड कमी करा. पोरं अंगठ्याने टायर दाबून "दगड पाहिजे काका" म्हणतात. पन्नास किलोच्या मुलाला पंचवीस मिलिमीटरच्या टायरमध्ये ७५ ते ८० पीएसआय पुरते. रस्ता उखडलेला किंवा ओला असेल तर आणखी पाचेक कमी. जास्त हवेचं चाक खडबडीत रस्त्यावर नुसतं उडतं. फ्रान्समध्ये पॅरिस–रूबे नावाची दगडी फरशांवरची शर्यत आहे, तिची ज्युनिअर मुलांसाठीही एक दिवसाची शर्यत होते. २००४ साली ब्रिटनचा गेरेंट थॉमस ती जिंकला, २०१७ ला तिथलाच टॉम पिडकॉक. तिथे जाणारे रुंद टायर घालतात आणि हवा मुद्दाम कमी ठेवतात. आपले काही रस्ते त्या फरशांच्या जवळपास जातात, तेव्हा शहाणपण तिथलंच घ्या.

गियरचा नियम पत्रकात आहे का ते बघा. ज्युनिअर मुलांना आंतरराष्ट्रीय शर्यतींत पूर्वी मर्यादा होती: क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) एका फेऱ्यात सायकल ७.९३ मीटरपेक्षा पुढे जायला नको, म्हणजे साधारण ५२ दात पुढे आणि १४ मागे. २०२३ पासून ती काढली. पण स्थानिक आयोजक लहान गटांना अजून लावू शकतात. मोजायला सोपं आहे. सगळ्यात जड गियर टाका, जमिनीवर खूण करा, सायकल सरळ उलटी ढकलत क्रँकचा एक पूर्ण फेरा होऊ द्या, आणि टेपने अंतर घ्या. नियम नसला तरी लहान मुलांना हलक्या गियरवर, मिनिटाला नव्वद फेऱ्यांच्या सवयीवर ठेवणंच मला पटतं.

आता माझी चूक. रेसच्या तीन दिवस आधी मला पुतणीची चेन जुनी वाटली. मायेपोटी नवी कोरी टाकली. संध्याकाळी ती जोर लावायला उभी राहिली आणि चेन दातांवरून घसरली, छाती हँडलवर आपटली. झिजलेल्या दातांवर नवी चेन बसत नाही, जोर आला की उडी मारते. गिऱ्हाइकाला हे मी शंभरदा सांगितलंय. जुनी चेन कचऱ्याच्या डब्यातून काढून, धुऊन परत घातली. शेवटच्या आठवड्यात नवं काही नाही: चेन नाही, बूट नाहीत, सीट तर नाहीच.

कपड्यांचं एकच. सायकलिंगच्या पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, शिवण घासते आणि जखम होते. पुतणीला हे सांगायला मी काकूला पुढे केलं. हेल्मेट डोक्याला घट्ट, भुवयांच्या दोन बोटं वर, पट्ट्यात एक बोट जाईल इतका ताण. व्यावसायिक शर्यतींत ते २००३ पासून सक्तीचं झालं, कझाकस्तानचा सायकलपटू आंद्रेई किविलेव्ह पॅरिस–नीस शर्यतीत डोक्यावर पडून गेला त्यानंतर. आपण कुणाची वाट बघायची गरज नाही.

आदला दिवस आणि सकाळ

शक्य असेल तर आदल्या दुपारीच मार्गावर जा. आम्ही मोटारसायकलवर गेलो, पुतणी मागे बसून वहीत लिहीत होती: चौथ्या किलोमीटरला दोन ब्रेकर, सातव्याला पुलावर खडी, अकराव्यानंतर डावीकडून वारा, सोळाला ड्रम, आणि शेवटच्या पाचशे मीटरला हलका चढ. रात्री चिकटपट्टीवर पेनाने तेवढेच आकडे लिहून हँडलच्या मधोमध चिकटवले. अंतिम रेषेपासून मागे येत दोनशे मीटरवरची एखादी खूण हेरून ठेवा. आम्हाला एक पिवळा पाण्याचा टँकर मिळाला. सकाळी तो तिथे नव्हता. टाकी, झाड, देऊळ असलं न हलणारं निवडा.

जेवण नेहमीचंच. रात्री भात-आमटी, भाकरी, कमी तिखट. सकाळी रेसच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा उपमा आणि एक केळं. दूध पोटात डचमळतं, तेलकट वडापाव तर नकोच. सव्वा तासाच्या आतली रेस असेल तर वाटेत खायची गरज नसते, एक बाटली पुरते. दीड तासाच्या पुढे गेली तर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिठूळ-गोड पोटात जायला हवं: एक केळं म्हणजे अंदाजे पंचवीस ग्रॅम, शिवाय राजगिऱ्याचा लाडू किंवा चार-पाच खजूर. चिक्की घशात अडकते, शेवटच्या टप्प्यात तर मुळीच नको. पाण्याला एक लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. चमचे सपाट, शीग लावलेले नव्हेत. बाजारातली रंगीत पेयं प्यायची असतील तर आधी सरावात पिऊन बघा.

रेसच्या जागी दीड तास आधी पोचा. नंबर घ्या, पाठीवर चारही कोपऱ्यांत पिना लावा, नाहीतर तो वाऱ्याने फडफडत राहतो. पिना घरून न्या. पंक्चर झालं तर चाक बदलून मिळतं का, बाहेरून मदत घेतली तर चालते का, हे सुटण्याआधी पंचांना विचारा. प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. मग गरम होणं. रेस जितकी छोटी तितकं गरम होणं जास्त, कारण ३२ किलोमीटरची रेस पहिल्या मिनिटापासूनच पेटते. वीस मिनिटं हलकं चालवायचं, त्यात तीन-चार वेळा अर्ध्या मिनिटाचा जोर. संपल्यावर लगेच रेषेवर. उशीर करून शेवटच्या रांगेत उभं राहिलेल्या पोराला पहिल्या किलोमीटरलाच पंचवीस जण ओलांडावे लागतात.

आईवडिलांनी रेषेवर उभं राहून डोस पाजू नयेत. एक बाटली हातात द्यावी आणि दूर जावं. माझा भाऊ तीनदा म्हणाला, "पहिलीच ये हं." चौथ्यांदा मी त्याला चहाला घेऊन गेलो.

रेस

सुटल्या सुटल्या धडपड होते. पेडलमध्ये पाय अडकवताना खाली बघू नका. पहिल्या दोन किलोमीटरला कितीही दम लागला तरी घोळक्याच्या पहिल्या दहा-बारांत जागा धरा, पण सगळ्यात पुढे नको. मागच्या टोकाला बसणं आरामाचं वाटतं आणि तेच महागात पडतं. पुढच्याने वळणावर जरासा ब्रेक लावला की मागे जाईपर्यंत तो मोठा होतो. पुढचे हळूच सुटतात, शेवटच्याला जीव तोडून पळावं लागतं. घोळका रबरासारखा ताणतो आणि आकसतो. पडापडीही जास्त मागे होते.

ड्रमच्या वळशाला हे सगळ्यात जास्त जाणवतं. वळसा घेण्याच्या पन्नास मीटर आधीच गियर हलका करा. नंतर चेन बदलत बसलात की पुढचे गेले. बाहेरून आत येत ड्रमच्या जवळून वळायचं, आतला पाय वर, आणि सरळ होताच उभं राहून आठ-दहा जोरदार पेडलं. पुतणी वळशाला चौदावी होती. तिथे सहाजणी निसटल्या आणि पन्नास मीटरचं अंतर पडलं. पन्नास मीटर म्हणजे काय, घराच्या गल्लीएवढं. पण समोर वारा असताना एकटीने ते भरून काढायला दोन किलोमीटर लागले आणि ते दोन किलोमीटर तिला शेवटी नडले.

वारा बाजूने असेल तर सरळ मागे बसून आडोसा मिळत नाही. डावीकडून वारा आला तर पुढच्याच्या मागे थोडं उजवीकडे बसा. सगळ्यांना हे कळलं की तिरकी ओळ तयार होते, आणि रस्त्याची कड आली की जागा संपते. ज्यांना जागा मिळाली नाही ते कडेच्या मातीत एकामागे एक लटकतात आणि तुटतात. वाऱ्याचं वळण येण्याआधीच पुढे सरकून ठेवायचं, यासाठी तर चिकटपट्टीवर 'अकरा डावा वारा' लिहिलेलं असतं.

मार्गात चढ असेल आणि तुम्ही चढाला कच्चे असाल, तर चढाच्या पायथ्याला पुढे राहा. मग सगळे आपापल्या गतीने तुम्हाला ओलांडत जातात आणि माथ्यावर तुम्ही शेवटाला का होईना, पण घोळक्यातच असता. पायथ्याला शेवटी असलेला माथ्यावर एकटा असतो.

कुणी सुटून पुढे पळालं तर पहिल्या रेसला त्याच्यामागे एकट्याने जाऊ नका. दोन-तीनजण निघाले तर त्यांचं चाक धरून जा. आणि पडलात, तर आधी रस्त्याच्या कडेला या, हातपाय हलवून बघा, डोकं आपटलं असेल तर रेस तिथेच संपली, डॉक्टरांकडे. पोरं मला बेल्जियमच्या रेम्को एव्हनपूलचं उदाहरण देतात: २०१८ च्या इन्सब्रुकच्या ज्युनिअर जागतिक शर्यतीत तो सुरुवातीलाच मागे पडला होता आणि तरी एकटा येऊन जिंकला. खरं आहे. असला पोरगा माझ्या दुकानात अजून आलेला नाही.

शेवटचा किलोमीटर. सगळ्यात पुढे नको, चौथा-पाचवा. वारा समोर असेल तर दीडशे मीटरपर्यंत थांबा, पाठीमागे असेल तर दोनशेपेक्षा लांबूनही निघता येतं. निघालात की रेष सोडायची नाही. आडवं जाऊन कुणाला दाबलं की पंच निकालात मागे टाकतात, आणि ते बरोबरच आहे. मान वर. खाली मान घालून पळणारे मी बॅरिकेडमध्ये गेलेले पाहिलेत. रेषेला जे मोजतात ते पुढच्या टायरचं पुढचं टोक, तुमचं डोकं नव्हे. म्हणून शेवटच्या क्षणी हात लांबवून सायकल पुढे ढकला. दोन हात वर करायचा विचार रेष ओलांडून पन्नास मीटर झाल्यावर करा. मागे अजून पोरं सुसाट येत असतात, म्हणून रेषेवर थांबूही नका, सरळ पुढे जात राहा.

पुतणी अकरावी आली. खाली उतरली आणि म्हणाली, "काका, वळशाला गियर बदलायचा राहिला." मी काहीच बोललो नाही, तिला जे कळायचं ते कळलं होतं. दहा मिनिटं हलकं चालवून आली, कोरडा टी-शर्ट घातला, अर्ध्या तासात पोटात केळं आणि दही-भात गेला. निकाल लागेपर्यंत थांबा. नंबर चुकीचा लिहिला गेला असेल तर हरकत घ्यायची मुदत थोडीच असते, घरी पोचल्यावर कुणी ऐकत नाही. नंबर परत द्यायचा असतो, तोही द्या.

दुसऱ्या दिवशी सायकल उलटी करून दोन्ही टायर बोटाने चाचपडा, काच आणि तारेचे तुकडे सुईने काढा. चेन रॉकेलने धुऊन वाळवा, एकेका कडीला एकच थेंब तेल, वरचं पुसून टाका. पुतणीच्या मागच्या टायरमध्ये मला अर्ध्या इंचाची तार मिळाली, ट्यूबपर्यंत जायला केसभर राहिली होती. ती म्हणते दुकानात काचेखाली ठेवा. ठेवलीय.